शर्यतीआधी बैलाचे अंग मोकळे केलेत का?

पैलवान एस.टी.तून उतरला, पिशवी कोपऱ्यात टाकली आणि तसाच आखाड्यात जाऊन भिडला, असे तुम्ही कधी पाहिले आहे काय? फडावर आलेला पैलवान आधी बाजूला जातो, दहा-वीस बैठका मारतो, मान फिरवतो, मनगटे मोकळी करतो. हे त्याला त्या दिवशी कोणी सांगावे लागत नाही. तालमीत वस्तादाने ते अंगी मुरवलेले असते.

आणि त्याच गावच्या त्याच जत्रेत आपला बैल काय करतो? तीन-चार तास टेम्पोत उभा राहून येतो. उतरला की बाभळीच्या बुंध्याला बांधला जातो. मालक चिठ्ठीची चौकशी करायला जातो, पोरे गुलाल शोधायला जातात. मग लाउडस्पीकरवर नाव पुकारले जाते, एकच धावपळ उडते, जू मानेवर पडते आणि दोन मिनिटांत बैल धावपट्टीच्या तोंडाशी उभा. पहिल्या टापेपासून त्याने जीव तोडून पळावे, ही आपली अपेक्षा. ज्याच्यासाठी आपण लाख-लाख रुपये मोजतो, त्याला आपण वीस मिनिटेही देत नाही.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आजचे चार शब्द त्या वीस मिनिटांबद्दल आहेत.

शर्यती असाव्यात की नसाव्यात हा वाद या लेखात उगाळायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्यांवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यतींना पुन्हा परवानगी मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला; आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ही परवानगी बिनशर्त नाही. धावपट्टी हजार मीटरांपेक्षा लांब नसावी, पशुवैद्यकाने बैल तपासलेला असावा, आणि काठी, चाबूक, विजेचा झटका यांतले काहीही बैलाला लागता कामा नये, असे नियम आहेत. म्हणजे ज्या हत्याराच्या जोरावर पूर्वी गारठलेला, आखडलेला बैलही पळवला जाई, ते हत्यार आता कायद्याने काढून घेतले आहे. चांगलेच झाले म्हणा. आता बैल पळणार तो त्याच्या अंगात पळण्याची तयारी असेल तरच.

ही तयारी म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू.

गोठ्यात निवांत रवंथ करणारा बैल डोळ्यापुढे आणा. त्याच्या अंगातले बरेचसे रक्त या वेळी पोटाच्या कामाला लागलेले असते. मांडीच्या आणि पुठ्ठ्याच्या स्नायूंना जेमतेम पुरेल एवढेच मिळते. त्याने एकाएकी धाव घेतली की हे रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळावे लागते. तुम्ही दाऱ्यावर उभे राहिलेले लोक, तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. मोटार चालू केली, की त्याच क्षणी शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचते काय? दंड भिजतो, पाट भरतो, वाटेतली भेग पाणी पिते, तेव्हा कुठे ते टोकाला जाते. रक्ताचेही तसेच. हृदयाने वेग घेतला तरी स्नायूंतल्या केसाएवढ्या बारीक नळ्या उघडायला काही मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट ऊबेची. स्नायू काम करू लागला की त्यातच उष्णता तयार होते आणि त्याचे तापमान एक-दोन अंशांनी चढते. असा ऊबदार स्नायू लवकर आकसतो, लवकर सैल पडतो आणि ताण पडला तर सहज फाटत नाही. गार स्नायूला एकदम हिसका बसला की त्यातले धागे तुटतात. आपण म्हणतो, ‘बैलाची नस आखडली’ किंवा ‘पुठ्ठ्यात भरला’. पुष्कळदा तो हाच प्रकार असतो.

तिसरी गोष्ट सांध्यांची. प्रत्येक सांध्यात निसर्गाने वंगण घातलेले आहे. उभ्या जनावरात ते घट्टसर असते आणि हालचाल झाली की पातळ होऊन सगळीकडे पसरते. पौषातल्या सकाळी काकवीचा डबा उलटा केला तर काकवी खाली यायला किती वेळ लागतो, आणि तोच डबा चुलीजवळ ठेवला तर कशी धार लागते, हे घरातल्या बायकांना चांगले ठाऊक आहे.

आता शर्यत किती वेळाची असते ते पाहा. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत गाडा दहा-पंधरा सेकंदांत वर जातो. विदर्भातल्या शंकरपटातही हिशेब सेकंदांचाच. पळता पळता अंग गरम होईल म्हणावे, तर तेवढी सवडच नाही. धाव सुरू व्हायच्या आत जे झाले ते झाले. एवढ्या थोड्या वेळात स्नायू श्वासातल्या हवेची वाट पाहत बसत नाही. अंगातल्या साठ्यावर तो पळतो आणि मागे आम्ल साठते. आधी थोडे हिंडवलेले जनावर हवा लवकर वापरू लागते, आणि तेवढी त्याची दमछाक उशिरा होते.

‘गरम करणे’ या शब्दाचा घोटाळा

इथे एका शब्दाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. शर्यतीच्या माळावर ‘बैल गरम केला’ असे म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ वेगळाच असतो. शेपटी पिरगाळणे, पराणी दाखवणे, कानाशी हलगी बडवणे, चार जणांनी मिळून ओरडणे. आणि याहून वाईट म्हणजे दारू पाजणे किंवा कसले तरी इंजेक्शन टोचणे. बैल फुरफुरतो, माती उकरतो, डोळे तांबडे करतो. मालकाला वाटते, बैल तयार झाला.

तो तयार झालेला नसतो, भ्यालेला असतो. भीतीने छाती धडधडते, श्वास वाढतो, तोंडाला फेस येतो. पण मांडीचा स्नायू गारच राहतो, कारण त्याने काम केलेले नसते. असा बैल सुटतो तेव्हा त्याला पुढचे दिसत नाही. जोडीदाराशी त्याचे पाऊल जुळत नाही, वळण कळत नाही, चाकोरी सोडून तो गर्दीत घुसतो. शर्यतीत जी माणसे तुडवली जातात, त्यातली काही या धास्तावलेल्या बैलांच्या पायाखाली येतात. नशेचे आणखी वाईट. दुखणे बैलाला कळेनासे होते, आणि दुखऱ्या पायावर तो तसाच पळतो. हा कायद्याने गुन्हा आहे हे तर झालेच.

म्हणून ध्यानात ठेवा: गरम करायचे ते अंग. डोके जितके थंड राहील तितके बरे.

वीस मिनिटे कशी घालवावीत

खरी सुरुवात आदल्या रात्रीपासूनच होते. खुराक द्यायचा तो रात्री द्या. सकाळी पेंड, अंडी, बदाम, कणकेचे गोळे यांचा मारा करून बैल पळत नाही, उलट जड होतो. मोठ्या जनावराचे कोठीपोट भरलेले असले, की अंगाच्या एकूण वजनाचा सातवा-आठवा हिस्सा त्याच्याच आतला चारा-पाणी असतो. एवढे ओझे पोटात हिंदकळत असताना पळणे म्हणजे काय, ते जेवून उठल्यावर पाण्याची घागर घेऊन पळून पाहा. भरपेट चारा आणि धाव यांत चार-पाच तासांचे अंतर असू द्या. पाणी मात्र तोडू नका. थोडे थोडे पाजत राहा. निघायच्या तोंडाशी बादलीभर नको, एवढेच.

माळावर निदान दोन तास आधी पोहोचा. टेम्पोत बैल नुसता उभा नसतो. प्रत्येक वळणाला आणि ब्रेकला तो चारही पाय रोवून तोल सांभाळत असतो, म्हणून उतरतो तेव्हा अवघडलेला असतो. उतरवताना उडी मारू देऊ नका. बांध किंवा मातीचा उंचवटा पाहून टेम्पो मागे लावा. उतरल्यावर सावलीला बांधा, पाणी दाखवा आणि त्याला एकदा शेण-मूत करू द्या. रवंथ सुरू केली तर समजा, बैल निवांत झाला.

मग पुकाऱ्याला साधारण अर्धा तास उरला, की कासरा हातात घ्या.

पहिली दहा मिनिटे नुसते चालवा. माळाच्या कडेला, गर्दीपासून दूर, मऊ मातीत. डांबरी रस्त्यावर नको आणि ढेकळांतही नको. कासरा ढिला ठेवा, वेसणीला हिसके देऊ नका. बैलाला मान खाली सोडून चालू द्या. मान खाली गेली की पाठ सैल होते. सुरुवातीला त्याचे पाऊल आखूड पडेल आणि चार-पाच मिनिटांनी आपोआप लांबेल. मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडू लागला, की अंग सुटू लागले असे समजा. जोडीतले दोन्ही बैल शेजारी शेजारी, ज्या अंगाला जुंपायचे त्याच अंगाला ठेवून चालवा. एकाचे झाले आणि दुसरा बांधलेला, असे केलेत तर एक खांदा ओढतो आणि दुसरा लोंबतो.

पुढची चार-पाच मिनिटे दुडक्या चालीने. माणसाला सोबत हळूहळू पळता येईल एवढाच वेग. याच वेळी मोठे मोठे वेढे घ्या, आधी उजवीकडे, मग डावीकडे. रोजच्या रहाटाने बैलाची एक बाजू सवयीची आणि दुसरी ताठ झालेली असते. ताठ बाजूला दोन वेढे जास्त द्या. लहान वर्तुळात गरगर फिरवू नका, त्याने गुडघा पिळतो.

आता जू ठेवा. ठेवण्याआधी मानेवरून, वशिंडाच्या पुढून, खांद्यावरून तळहाताने जोर देऊन चोळा. कातडी सरकती झाली पाहिजे. तिथे कुठे गाठ, ओल किंवा दुखरी जागा लागली तर ती आत्ता कळेल. धाव सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही. रिकामी गाडी पन्नास पावले चालीने ओढू द्या, म्हणजे दोघांचे खांदे एकमेकांना सापडतात. मग वाढत्या वेगाच्या दोन आखूड धावा, चाळीस-पन्नास पावलांच्या. पहिली निम्म्या जोरात आणि दुसरी पाऊण. पुरी धाव इथे घेऊ नका. काही हौशी मंडळी माळावर लोकांना दाखवायला तयारीतच सगळा जोर लावतात. ती टाळ्यांची शर्यत ते जिंकतात, खरी हरतात.

दुसऱ्या धावेनंतर पाच मिनिटे पुन्हा चाल. श्वास खाली बसू द्या, पण बैल उभा करू नका.

पाय ओढून ताणणे, खूर धरून मागे खेचणे असले प्रकार करू नका. गार स्नायू ओढून लांब होत नाही, दुखावतो. खूर उचलायचाच तर पाहायला उचला. बेचक्यात खडा आहे का, पत्री मारलेली असेल तर तिचा खिळा वर आला आहे का, एवढ्यासाठी.

घाट चढायचा असेल तर दुडकीतला थोडा भाग शेजारच्या चढावर करा, कारण चढाला सगळा जोर मागच्या पायांवर येतो. रायगडकडे समुद्राच्या वाळूत गाड्या पळतात, तिथे चालही वाळूतच हवी. घट्ट जमिनीवर मोकळे झालेले पाऊल एकाएकी वाळूत रुतले तर खुरामागची शीर ताणते.

पुकारा लांबला तर?

लांबतोच. अकराची शर्यत अकराला सुटली असे कधी झाले आहे? पाहुण्यांचे सत्कार, हरकती, चिठ्ठ्यांचा घोळ, मध्येच कोणाची गाडी उलटली. इथेच बहुतेकांचे केलेले वाया जाते. मिळवलेली ऊब उभ्या जनावरात फार टिकत नाही. पंधरा-वीस मिनिटांत पुष्कळशी उतरते. सकाळी आठला केलेली तयारी दुपारी बाराच्या धावेला काही कामाची नाही.

यावर उपाय सोपा आहे. घरच्या एका जाणत्या पोराला किंवा पोरीला फक्त गट मोजायला बसवा. आपल्या आधी किती गाड्या आहेत आणि एका गाडीला सरासरी किती मिनिटे लागतात, एवढा हिशेब त्यांनी ठेवायचा आणि मोबाईलवर कळवायचे. त्यावरून कासरा कधी हातात घ्यायचा ते ठरवा. तयारी झाल्यावर उशीर झालाच, तर दर दहा मिनिटांनी दोन-तीन मिनिटे चालवा आणि जुंपण्याआधी एक आखूड धाव पुन्हा घ्या. थंडीच्या दिवसांत थांबताना पुठ्ठ्यावर झूल किंवा गोणपाट टाका. एकाच दिवशी गट, सेमी, फायनल असे पळायचे असेल, तर प्रत्येक वेळी थोडी का होईना, नव्याने तयारी हवी. सेमीला विजेसारखा पळालेला बैल फायनलला का बसला, याचे उत्तर पुष्कळदा मधल्या दोन तासांत तो बांधलेला होता हेच असते.

चैत्र-वैशाखाचे गणित मात्र उलटे आहे. बाहेर चाळीस अंशांचे ऊन असताना बैलाचे पोट नि पाठ तापलेली असते, पण काम न केलेला स्नायू तेव्हाही सैल झालेला नसतो. चालवावे लागतेच, पण सावलीत आणि निम्मा वेळ. दुडकी दोन मिनिटे आणि आखूड धाव एकच. निवांत उभ्या बैलाच्या अंगात १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट ताप असतो, नाडीचे ठोके मिनिटाला साधारण ५० ते ७० आणि श्वास १५ ते ३० च्या आसपास. आपल्या बैलाचे घरचे आकडे गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूने बोट लावले की लागते. तोंड उघडे टाकून, जीभ बाहेर काढून, लाळ गाळत धापा टाकणारा बैल दिसला तर त्याला त्या दिवशी जुंपू नका. अंगावर पाणी घाला, वारा लागेल अशा सावलीत न्या आणि डॉक्टरांना बोलवा.

कुत्री, घोडी आणि आपण

तुम्हाला गंमत वाटेल, पण विलायतेत कुत्र्यांनासुद्धा शर्यतीआधी असेच हिंडवतात. तिकडे कुत्र्यांचा अडथळ्यांचा एक खेळ आहे. लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात १९७८ साली घोड्यांच्या अडथळा-शर्यतीच्या धर्तीवर तो प्रथम दाखवला गेला. कुत्र्याने अडसर उडी मारून ओलांडायचे, बोगद्यातून पळायचे, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी निघायचे. मेंढ्या राखणारी बॉर्डर कोली जात यात पुढे असते. आपल्या धनगरांच्या कुत्र्यांचे हे विलायती भाऊबंदच म्हणायचे. या कुत्र्यांच्या खांद्यांना आणि पाठीला इजा फार होतात, म्हणून जाणते मालक आधी साखळीवर चालवतात, मग दुडकी, मग दोन्ही अंगांना वळणे, मग ठेंगण्या अडसरावरच्या दोन-चार उड्या, आणि नंतर खरी पाळी. आपण वर जे पाहिले त्याचाच हा लहान अवतार. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर घोडे आधी फेऱ्या घालताना तुम्ही पाहिले असतील. तो नुसता थाट नव्हे.

यावरून घोडीची आठवण झाली. पुणे जिल्ह्याच्या घाटात गाड्यापुढे घोडी पळते, आणि सगळ्यांचे लक्ष बैलांकडे असल्याने तिच्याकडे कोणी बघत नाही. खरे तर तिला ही तयारी जास्त मानवते. घोड्याची प्लीहा म्हणजे तांबड्या रक्तपेशींची कोठीच असते; हालचाल सुरू झाली की ती आकसते आणि साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. शिवाय भरपूर दाणा खाऊन दोन दिवस बांधून राहिलेले घोडे एकदम कामाला लावले, तर त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, घाम फुटतो आणि लघवी काळपट होते. विलायतेत याला ‘सोमवारचा रोग’ म्हणत, कारण रविवारी सुट्टी खाल्लेली ओझ्याची घोडी सोमवारी त्यात सापडत. तेव्हा सुट्टीच्या दिवशी घोडीचा दाणा कमी करा, तिला रोज हिंडवा आणि जत्रेत बैलांच्या बरोबरीने तिलाही चालवा.

न पळवण्याचा निर्णय

या वीस मिनिटांचा सर्वांत मोठा उपयोग अजून सांगायचा राहिला आहे. चालवताना बैल बोलतो. तोंडाने नाही, पायाने.

एकाने चालवावे आणि दुसऱ्याने दूर उभे राहून पाहावे. समोरून येताना मान हलते का? पुढच्या दुखऱ्या पायावर वजन आले की बैल मान वर झटकतो आणि चांगल्या पायावर खाली आणतो. मागून पाहताना एक पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा जास्त उचलला जातो का? वळताना एका बाजूला तो ओढल्यासारखा वळतो का? सुरुवातीचा आखूडपणा चालून गेला तर ते अवघडणे होते. चालून वाढला, तर ते दुखणे आहे. हा फरक बांधलेल्या बैलात कळूच शकत नाही, आणि जुंपून सोडल्यावर कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

हे पाहायला घरातून गव्हाणीवर रोज हात फिरवणारे माणूस सोबत न्यावे, आणि पुष्कळ घरांत ते माणूस म्हणजे आई, बायको किंवा सून असते. बैलाने सकाळी किती कडबा टाकला, रात्री कोणत्या अंगावर बसला होता, उठताना कण्हला का, हे तिला ठाऊक असते. पण जत्रेच्या माळावर बायकांना विचारतो कोण? विचारा.

आणि पाय दुखतो असे दिसले तर चिठ्ठी परत करा. हे लिहायला सोपे आणि करायला कठीण आहे, याची जाणीव ठेवूनच लिहीत आहे. प्रवेश फी भरलेली, टेम्पोचे भाडे दिलेले, पाहुणे जमलेले, भावकीतले लोक ‘घाबरला’ म्हणून हसणार. समोर बक्षिसाची मोटारसायकल चकाकत असते. पण मोडलेल्या पायाचा बैल औताला चालत नाही, बाजारात विकला जात नाही, आणि दाराशी उभा राहून वर्षभर तुमच्याकडे बघत राहतो. प्रवेश फी पुढच्या जत्रेलाही भरता येते. तयारी केली म्हणजे इजा होणारच नाही अशी हमी मी देत नाही. खिल्लार बैलाचे काटक पाय हलक्या, चपळ धावेसाठी घडलेले आहेत, तरी ते हाडामांसाचेच आहेत. आदत खोंडाला तर दातही यायचे असतात आणि हाडेही भरायची असतात. त्याच्याकडून दुडक्या चालीपुरते काम घेत राहा, घाईने फायनलची स्वप्ने बघू नका.

धाव संपली, की लगेच गुलालात उभा करून फोटो काढायचा मोह आवरा. पळालेला बैल एकदम थांबवला तर स्नायूंत साठलेले आम्ल तिथेच राहते आणि रक्तही पायांत तुंबते. जू उतरवा आणि दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवा. दर काही मिनिटांनी चार-सहा घोट पाणी दाखवा. तापलेल्या बैलाला पाणीच देऊ नये ही समजूत सोडून द्या. ऊन असेल तर पाय, पोट आणि मान पाण्याने भिजवा आणि पाणी हाताने निपटून काढा, म्हणजे पुन्हा वारा लागतो. श्वास घरच्या आकड्याजवळ आला की सावलीत बांधा. टेम्पोत चढवायची घाई तासभर तरी करू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे दावे सोडाल तेव्हा गोठ्याच्या दारात उभे राहून बैलाची पहिली दहा पावले नीट पाहा. ताठ पडत असतील तर औताला न जुंपता दोन वेळा अर्धा-अर्धा तास हिंडवा. संध्याकाळपर्यंत पाऊल सुटले नाही, किंवा कुठे हाताला गरम सूज लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि आदल्या दिवशी तो किती वेळा, कशावर पळाला ते डॉक्टरांना खरे खरे सांगा.